कलिंगडाची फोड आणि कुत्र्याचं पोट

उन्हाळा लागला की फोनच्या पडद्यावर कुत्रे कलिंगड खाताना दिसू लागतात. एखादा अख्खी फोड सालीसकट कचाकचा चावत असतो, मिशांवरून लाल रस ओघळत असतो आणि खाली कौतुकाचा पाऊस पडत असतो. पुढच्याच व्हिडिओत कुणीतरी गंभीर चेहऱ्याने बजावतं, की बियांमध्ये सायनाइड असतं, चुकूनही देऊ नका. तिसऱ्याच्या मते हे कुत्र्यांसाठी टॉनिक आहे. हे सगळं बघून मान वर करावी, तर समोर आपलाच कुत्रा बसलेला. नजर आपल्या हातातल्या फोडीवर, लाळेची तार जमिनीपर्यंत.

त्याला फार वेळ ताटकळत ठेवायला नको म्हणून उत्तर आधीच देतो. निरोगी, वाढ झालेल्या कुत्र्याला कलिंगडाचा लाल गर चालतो. साल आणि बिया काढून, छोटे तुकडे करून आणि बेताने. यातला धोका गरात नाही. तो सालीत आहे, तुकड्याच्या आकारात आहे, प्रमाणात आहे आणि आपण हौसेने त्यात जे काही मिसळतो त्यात आहे. हे असं का, ते समजलं की उद्या दुसरं कुठलं फळ समोर आलं तरी निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल.

गरात असतं तरी काय?

कलिंगडाच्या गरात ९१ ते ९२ टक्के पाणी असतं. १०० ग्रॅम गर खाल्ला तर सुमारे ९१ ग्रॅम पाणीच पोटात जातं. उरलेल्यात सहा ग्रॅमांच्या आसपास साखर, अर्ध्या ग्रॅमहून कमी चोथा, नावापुरती प्रथिनं आणि जवळजवळ शून्य स्निग्धांश. या सगळ्यातून ऊर्जा मिळते सुमारे ३० कॅलरी. चावून खाता येणारं गोड पाणी, असं कलिंगडाचं वर्णन केलं तर ते फारसं चुकणार नाही.

पोटॅशियम, क जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्व तयार करायला लागणारं द्रव्य आणि लाल रंग देणारं लायकोपीन हेही त्यात असतं. टॉनिकवाल्यांचा सगळा भर या यादीवर असतो. पण एक गंमत लक्षात घ्या. माणसाला क जीवनसत्त्व बाहेरून मिळवावं लागतं, कारण आपलं शरीर ते बनवू शकत नाही. कुत्र्याचं यकृत मात्र ते स्वतःच बनवतं. म्हणजे ज्या गुणासाठी आपण फळ खातो, तो कुत्र्याच्या घरात नळाला येतोय आणि आपण त्याला बाटली भरून नेऊन देतोय. त्याचं रोजचं जेवण चौरस असेल, तर कलिंगडातून मिळणाऱ्या बाकीच्या गोष्टीही त्याला आधीच मिळत असतात.

मग द्यायचं कशाला? त्याला आवडतं म्हणून. मला हे कारण पुरेसं वाटतं, त्यावर आरोग्याचा मुलामा चढवायची गरज वाटत नाही. मांजराला गोड चव कळतच नाही, ती ओळखणारं जनुक तिच्यात निकामी झालेलं आहे. कुत्र्याला मात्र गोड कळतं आणि आवडतंही. शिवाय बिस्किटं किंवा तळलेल्या तुकड्यांच्या तुलनेत कलिंगडात कॅलरी फारच कमी, त्यामुळे सतत काहीतरी मागणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात टाकायला हा खाऊ तुलनेने निरुपद्रवी ठरतो.

"कुत्रा मांसाहारी ना? मग फळ कसं पचेल?"

ही शंका रास्त आहे. कुत्र्याचे सुळे बघितले की तो फळं खाणारा प्राणी वाटत नाही. पण माणसाच्या सोबतीने हजारो वर्षं राहून त्याचं पोट बरंच बदललं आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना केली होती. पिठूळ पदार्थ पचवायला अमायलेज नावाचा पाचकरस लागतो. तो बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडल्या, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. पूर्वजांकडे एक-दोन भांडी होती, वंशजांनी सगळा स्वयंपाकघराचा ओटा मांडला, असं समजा.

आणि लांडगासुद्धा आपण समजतो तितका कडवा नसतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलात लांडगे उन्हाळ्यात रानटी ब्लूबेरी खाताना आढळले आहेत. एका लांडग्याने तर पोटातल्या बेरी ओकून पिल्लांना भरवल्याची नोंद आहे. तेव्हा फळ म्हणजे कुत्र्याच्या पोटाला परका पाहुणा, असं काही नाही.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. कुत्र्याला आपल्यासारखं चघळता येत नाही. आपला जबडा जात्यासारखा आडवा फिरतो, त्याचा कात्रीसारखा फक्त वर-खाली होतो. तो तोडतो आणि गिळतो. एखादी गोष्ट आवडीची असेल आणि शेजारी दुसरा कुत्रा उभा असेल, तर नुसतंच गिळतो. आपण त्याला कितीही "सावकाश खा रे" म्हटलं तरी ते त्याच्या स्वभावातही नाही आणि दातांतही नाही. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघतात.

साल: खरी अडचण इथे

कलिंगडाची साल सेल्युलोजने भरलेली असते. सेल्युलोज म्हणजे वनस्पतींना ताठपणा देणारा धागेदार पदार्थ. कागद आणि कापूस यांचा मुख्य घटकही तोच. तो पचवणारा रस कुत्र्याचं शरीर बनवत नाही. तसा तो गायीचं शरीरही बनवत नाही, पण तिच्या पोटात ते काम करणारे अब्जावधी जिवाणू असतात आणि रवंथ करायला वेळ असतो. कुत्र्याकडे यातलं काहीच नाही.

त्यामुळे सालीचा मोठा तुकडा गिळला गेला, की तो पोटात विरघळत नाही. जसा गेला तसाच पुढे सरकतो. जठरातून बाहेर पडून लहान आतड्यात आला की रस्ता अरुंद होतो. स्वयंपाकघरातल्या मोरीच्या पाइपमध्ये भाजीचं देठ आडवं बसावं तसा तुकडा आतड्यात बसला, की मागून येणारं सगळं थांबतं. आतडं मात्र जिवंत असतं. अडथळा ढकलायला ते जोर लावतं, ताणतं, त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो. वेळेत सोडवलं नाही तर तिथला भाग मरतो. अशा वेळी अनेकदा शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही.

"आमचा कुत्रा इतकी वर्षं सालीसकट खातोय, काही झालं नाही" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि ते खोटं नसतं. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. मोठ्या कुत्र्याने सालीचा छोटा तुकडा नीट तोडून खाल्ला तर तो बहुधा तसाच बाहेर पडतो. पण हेल्मेट न घालता केलेल्या बहुतेक फेऱ्याही सुखरूपच होतात. सालीतून कुत्र्याला मिळतं काय, तर चावण्याची मजा. आणि ती मजा देणारी इतर खेळणी जगात पुष्कळ आहेत. मिळकत इतकी कमी असताना पैज लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

सालीच्या आतला पांढरा भाग? तो विषारी नाही. हिरव्या सालीपेक्षा मऊ, पण गरापेक्षा कडक आणि पचायला जड. गराला चिकटून थोडासा आला तर घाबरू नका, मुद्दाम देऊही नका.

बिया आणि सायनाइडची भीती

ही भीती उडत आलेली आहे, पण उडाली कुठून ते सांगण्यासारखं आहे. सफरचंदाच्या बिया आणि पीच, जर्दाळू, चेरी यांच्या कोयी यांच्यात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. बी चावली किंवा चिरडली गेली की त्यापासून सायनाइड तयार होऊ शकतं. हे खरं आहे. पुढे सांगणाऱ्यांनी "काही फळांच्या बिया" याचं "फळांच्या बिया" केलं आणि बिचारं कलिंगडही आरोपींच्या रांगेत जाऊन उभं राहिलं.

कलिंगडाच्या बियांची अडचण विषाची नाही, गर्दीची आहे. काळी पक्की बी कठीण कवचाची असते आणि न पचता बाहेर पडते. दोन-चार गेल्या तर लक्षही देऊ नका. पण छोट्या चणीच्या कुत्र्याने बियांसकट भरपूर गर खाल्ला, तर त्यांचा गोळा होऊन आतड्यात अडू शकतो. म्हणून काढायच्या.

बिनबियांच्या कलिंगडात ज्या पातळ, पांढऱ्या, मऊ बिया दिसतात, त्या म्हणजे न भरलेली रिकामी टरफलं. या कलिंगडात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी पूर्ण तयारच होत नाही. त्या काढत बसायची गरज नाही.

किती? इथे हिशोब करावा लागतो

कुत्र्यांच्या आहारात एक ढोबळ नियम सर्वत्र मानला जातो: दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. बाकीच्या ९० टक्के कॅलरी त्याच्या नेहमीच्या जेवणातून यायला हव्यात, कारण चौरसपणा तिथे असतो.

१० किलो वजनाचा, नसबंदी झालेला, साधारण हालचाल असलेला कुत्रा दिवसाला सुमारे ६३० कॅलरी वापरतो. दहावा हिस्सा ६३. कलिंगडाच्या भाषेत तो झाला २१० ग्रॅम गर. वाचून तुम्ही म्हणाल, अरे वा, हे तर बरंच झालं!

इथेच बरेच जण फसतात. ही मर्यादा कॅलरींची आहे, पोटाची नाही. पोट त्याच्या खूप आधी तक्रार करतं. कारण कलिंगडातली साखर. तिच्यात फळसाखर, म्हणजे फ्रुक्टोज, ग्लुकोजपेक्षा जास्त असते आणि फ्रुक्टोज आतड्यातून हळू शोषलं जातं. एकदम जास्त आलं तर काही भाग आतच रेंगाळतो. कापलेल्या फळावर साखर भुरभुरली की थोड्या वेळाने वाडग्यात पाणी सुटलेलं दिसतं ना, तसंच ही रेंगाळलेली साखर आतड्यात पाणी खेचून घेते. त्यात कलिंगडाचं स्वतःचं पाणी आहेच. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या साखरेवर ताव मारतात आणि वायू तयार होतो. परिणाम तुम्हाला सकाळी फिरायला नेताना दिसतो, किंवा रात्रीच गालिच्यावर.

म्हणून माझा सल्ला असा, की कॅलरींनी दिलेल्या मर्यादेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास थांबावं. दोन सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा साधारण आठ ग्रॅमचा भरतो. १० किलोच्या कुत्र्याला असे पाच-सहा तुकडे, ३० किलोच्याला बारा ते पंधरा, आणि ५ किलोच्याला तीन, तेही आणखी बारीक करून. आणि हे रोज नव्हे. पहिल्यांदा देत असाल तर एकच छोटा तुकडा द्या आणि एक दिवस थांबा. उलटी, जुलाब, अंग खाजवणं असं काही नसेल तर पुढे जा.

प्रमाणाचा अंदाज आपला नेहमी चुकतो, कारण आपण आपल्या हाताने, आपल्या ताटातून देतो. ३०० ग्रॅमची एक फोड आपल्याला काहीच वाटत नाही. तीच फोड ५ किलोच्या कुत्र्याने खाणं म्हणजे ६० किलोच्या माणसाने एका बैठकीत ३ किलो ६०० ग्रॅम गर संपवण्यासारखं आहे.

आणखी एक घरगुती सत्य. घरात चार माणसं असतील तर प्रत्येक जण "मी तर एकच तुकडा दिला" असं शपथेवर सांगू शकतो आणि चौघंही खरं बोलत असतात. कुत्रा मात्र चौघांकडेही सारख्याच उपाशी चेहऱ्याने जातो. त्या दिवशीचे तुकडे सकाळीच एका डब्यात काढून ठेवावेत. डबा संपला की खाऊ संपला. याच्याइतका साधा आणि चालणारा उपाय मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी शीमध्ये लाल कण दिसले तर लगेच धसका घेऊ नका. गराचे न पचलेले तंतू तसेच बाहेर येऊ शकतात. लालसर आव, रक्ताच्या रेषा किंवा डांबरासारखी काळी शी असेल तर मात्र कलिंगडाला दोष देऊन स्वस्थ बसू नका, पशुवैद्यांना दाखवा.

"फळ नैसर्गिक आहे, मग इतकी भीती कशाला?"

द्राक्षंही नैसर्गिकच आहेत. द्राक्षं आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती पुरेल याचा आधी अंदाज बांधता येत नाही. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असा संशय अलीकडच्या काळात बळावला आहे. कांदा नैसर्गिक आहे, लसूण नैसर्गिक आहे. दोन्ही कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. निसर्गाने फळं बनवताना कुत्र्याचा विचार केलेला नाही. तेव्हा "नैसर्गिक" हा शब्द बाजूला ठेवून प्रत्येक पदार्थ वेगळा तपासावा लागतो. त्या तपासात कलिंगडाचा गर पास होतो, एवढंच.

म्हणूनच फळांची मिश्र वाटी कुत्र्यापुढे ठेवू नये. आपल्याला ती कलिंगडाची वाटी वाटते, पण तळाशी दोन द्राक्षं असतात.

कोणत्या कुत्र्याला देऊ नये?

मधुमेह असलेल्या कुत्र्याला स्वतःच्या मनाने देऊ नका. कुत्र्यांचा मधुमेह बहुधा इन्सुलिनच्या इंजेक्शनांवर चालतो आणि इंजेक्शनचं गणित ठरलेल्या वेळेच्या, ठरलेल्या जेवणावर बसवलेलं असतं. मध्येच गोड आलं की ते गणित बिघडतं. पाच तुकड्यांत अडीच ग्रॅमच्या आसपास साखर असते. निरोगी कुत्र्याला ती किरकोळ, पण या कुत्र्याला देण्याआधी विचारलेलं बरं.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, पोटॅशियम वाढवणारं एखादं औषध चालू असेल, तर कलिंगडातल्या पोटॅशियमचा विचार करावा लागतो. तोही पशुवैद्यांनी करायचा. पोट आधीच बिघडलेलं असताना अर्थातच नको. आईच्या दुधावरून नुकत्याच जेवणावर आलेल्या पिल्लालाही नको, त्याच्या पोटाला आधी रोजचं जेवण पचवायला शिकू द्या.

पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना विषय आहे तो गुदमरण्याचा. त्यांची श्वासाची वाट आधीच अरुंद, त्यात हावरटपणा. त्यांना गर काट्याने चुरून द्यावा.

स्थूल कुत्र्याला मात्र हा खाऊ उलट सोयीचा पडतो. बिस्किटाच्या जागी दोन तुकडे दिले तर कॅलरी वाचतात. बिस्किटाच्या जागी म्हटलंय, बिस्किटासोबत नाही.

घरी खाऊ करताना

कलिंगड कापण्याआधी धुवावं, साल टाकून देणार असलो तरी. कारण सुरी सालीतूनच आत जाते आणि सालीवरची माती, जिवाणू, औषधफवारणीचे अंश थेट गरात नेते. बऱ्याच फळांचा आंबटपणा जिवाणूंना वाढू देत नाही. कलिंगड मात्र फारसं आम्लधर्मी नसतं, त्यामुळे कापल्यावर साल्मोनेलासारख्या जिवाणूंना तिथे मोकळं रान मिळतं. कापलेला गर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एका तासातच. फ्रीजमध्येही तीन-चार दिवसांच्या पुढे ठेवू नये. आपल्याला नको वाटलेलं, बुळबुळीत झालेलं, आंबूस वासाचं कलिंगड "कुत्र्याला घालू" ही सवय वाईट. त्याचं पोट म्हणजे कचरापेटी नव्हे.

सगळ्यात सोपा प्रकार असा. बिया काढलेला गर काट्याने किंवा मिक्सरमध्ये चुरायचा, मोठ्या भोकांच्या गाळणीतून काढायचा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये पातळसर थर ओतून गोठवायचा. पूर्ण भरलेल्या कप्प्याचा दगडासारखा ठोकळा करू नका. कुत्र्याच्या दातांसाठी एक जुना ठोकताळा आहे: नख दाबून ज्यावर जराही खूण उठत नाही, ते त्याला चावायला देऊ नये. जाड बर्फाने दात तडकू शकतो, आणि छोट्या कुत्र्याच्या घशात तो अडकूही शकतो. पातळ चकत्या, किंवा फ्रीजरमधून काढून पाच मिनिटं बाहेर ठेवलेले तुकडे बरे. याहून सोपं म्हणजे तोच लगदा उथळ थाळीत पसरून गोठवायचा आणि थाळीच पुढे ठेवायची. चाटायला वेळ लागतो, गिळण्याची घाई होत नाही आणि कुत्रा पंधरा-वीस मिनिटं गुंततो.

त्यात साधं, गोड न केलेलं दही चमचाभर मिसळलं तर बहुतेकांना चालतं. दह्यात दुधापेक्षा दुग्धशर्करा कमी असते. दुधाने पोट बिघडणाऱ्या कुत्र्याला मात्र नुसता गरच द्यावा. साखर, मीठ, मसाला, मध यातलं काहीही नको.

वाळवलेल्या कलिंगडाबद्दल सावध राहा. वाळवताना पाणी जातं, साखर जागच्या जागी राहते. १०० ग्रॅम गराच्या जेमतेम नऊ-दहा ग्रॅम पट्ट्या उरतात आणि त्यात साखर तीच सहा ग्रॅम. बघायला चिमूटभर, खायला निम्म्याहून जास्त साखर. शिवाय ती चिवट चामड्यासारखी होते. कलिंगडातला सगळ्यात चांगला भाग, म्हणजे पाणी, काढून टाकून उरलेलं कुत्र्याला देण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कलिंगडाबद्दल नाहीच. झायलिटॉल नावाची एक पर्यायी साखर असते. ती बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये, गोळ्यांमध्ये, काही टूथपेस्टमध्ये आणि काही पीनट बटरमध्ये घातलेली असते. माणसाला ती निरुपद्रवी. कुत्र्याचं शरीर मात्र तिला खरी साखर समजून रक्तात इन्सुलिनचा लोंढा सोडतं. खरी साखर तर आलेलीच नसते, त्यामुळे रक्तातली होती ती साखरही झपाट्याने उतरते. कधी अर्ध्या तासातच कुत्रा लडखडतो, कोसळतो, त्याला झटके येतात. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अवघं एक ग्रॅम एवढ्यासाठी पुरतं. काही च्युइंगमच्या एका गोळीतही तेवढं असू शकतं. त्याच्या पाचपट मात्रेत यकृत निकामी होण्याची भीती असते. खाऊला चव यावी म्हणून पीनट बटर मिसळायचं असेल तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई९६७ यातलं काहीही दिसलं तर तो डबा कुत्र्यापासून लांब. "कलिंगड चवीचं" लिहिलेलं च्युइंगम, गोळ्या, सरबत यांत कलिंगड नसतं, नुसतं नाव असतं. माझ्या मते कलिंगडाच्या नावाखाली कुत्र्याला होऊ शकणारा सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

उन्हाळ्यात गारवा मिळतो, हे तरी खरं ना?

थोडंसं. कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. १० किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटर किंवा थोडं जास्त. पाच-सहा तुकड्यांतून त्याला चाळीसेक मिलिलिटर मिळतं. नळ चालू असताना दव गोळा करण्यासारखं हे आहे. पाण्याचं भांडं भरलेलं असणं याला कलिंगड हा पर्याय होऊ शकत नाही. पाणी कमी पिणाऱ्या कुत्र्याच्या भांड्यात चमचाभर रस टाकून त्याला पाण्याकडे वळवता येतं, ही युक्ती मात्र कामाची आहे. असं पाणी तासाभरात बदलायचं.

ऊन लागलेल्या कुत्र्याला कलिंगड भरवत बसू नका. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९.२ अंश असतं. धापा थांबत नाहीत, हिरड्या गडद लाल झाल्यात, पाय लटपटताहेत, अशी अवस्था असेल तर त्याला सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि निघा दवाखान्यात. जो धड श्वास घेऊ शकत नाही, त्याच्या तोंडात फळ कोंबलं तर ते श्वासनलिकेत जाईल.

थंडगार पदार्थाने कुत्र्याचं पोट फुगून तो दगावतो, असाही एक संदेश दर उन्हाळ्यात फिरतो. पोट फुगून पीळ पडण्याचा आजार खरा आणि जीवघेणा आहे. पण त्याचा संबंध खोल छातीच्या मोठ्या जातींशी, वाढत्या वयाशी, दिवसातून एकदाच भरपूर खाण्याशी आणि भराभर गिळण्याशी जोडला गेला आहे. थंडीमुळे तो होतो याला आधार नाही.

आणि तरीही त्याने साल पळवलीच तर

ओट्यावर ठेवलेली साल, उघडी कचराकुंडी आणि पाठ फिरवलेला माणूस ही तिन्ही एकत्र आली की हे होतंच. घाबरून त्याला मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका. मिठाने कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं, आणि सालीचा कडक तुकडा उलट वर येताना अन्ननलिकेत अडकू शकतो.

लहानसा चावा असेल आणि कुत्रा मोठा असेल तर नेहमीचं जेवण, पाणी आणि पुढचे दोन-तीन दिवस नीट लक्ष. मोठा तुकडा गेला असेल किंवा कुत्रा लहान असेल, तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्यांना फोन करा. पुन्हा पुन्हा उलटी, पाणीही पोटात न टिकणं, खाण्याकडे पाठ फिरवणं, शी न होणं किंवा नुसतंच कुंथणं, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरून राहणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. ही लक्षणं काही तासांत दिसू शकतात, तशी तुकडा जठरातच पडून राहिला तर काही दिवसांनीही.

सालीसारखी वनस्पतीची वस्तू एक्स-रेमध्ये हाडासारखी ठळक दिसत नाही. सोनोग्राफी करावी लागू शकते आणि पशुवैद्यांचा बराच अंदाज तुमच्या माहितीवर उभा राहतो. म्हणून त्याच्या तोंडातून सोडवलेली उरलीसुरली साल लगेच फेकू नका. पिशवीत घालून सोबत न्या. किती वाजता खाल्ली ते सांगा, आणि पिशवीतल्या तुकड्याची कडा दाखवून सांगा, की एवढी आहे, एवढी नाही.